‘पडला असणार’: वॉरंटीतल्या लेन्स एररचा माझा अनुभव

सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर (कॅमेरा जमा करताना भरतात त्या कागदावर) ‘इम्पॅक्ट डॅमेज’, म्हणजे आपटून झालेलं नुकसान, असं एकदा लिहिलं गेलं की वॉरंटी कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवायला मोकळं. खिशात मावणारा ३० पट झूमचा कॅमेरा, वॉरंटी चालू, अंगावर ओरखडा नाही. सुरू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, करकर करते, थांबते आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’. सेंटरच्या काउंटरवर मात्र कॅमेरा उघडायच्या आधीच निकाल तयार होता: ‘पडला असणार.’ तो निकाल फिरवून घेता आला, पण त्यासाठी जी डोकेफोड करावी लागली ती दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट. या जातीच्या कॅमेऱ्यांबद्दल मालकांची मतं वाचली तर सगळे एकाच वस्तूबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. एकाला चंद्रावरचे खड्डे दिसतात, दुसऱ्याचे घरातले फोटो मेणाचे पुतळे वाटतात. दोघंही खरंच सांगत असतात. आतला १/२.३ इंची सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, लेन्स एफ ३.३ च्या आसपास उघडते (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), पूर्ण झूमला एफ ६.४ च्या आसपास येते, म्हणजे आत येणारा उजेड जवळजवळ चौथाई. उन्हात आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा त्याचा आकडा) १०० वर काम भागतं. संध्याकाळी घरात तोच १६०० वर जातो आणि त्याने फोटोत येणारे दाणे पुसताना कॅमेरा चेहऱ्याचा पोतही पुसून टाकतो. त्यात २० मेगापिक्सेलची जाहिरात. एफ ६.४ ला प्रकाशाचा बारीकात बारीक ठिपकासुद्धा सेन्सरवर साधारण साडेआठ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो आणि पिक्सेल असतो १.२ मायक्रॉनचा. पूर्ण झूमला १० मेगापिक्सेलवर फोटो काढले तरी काही हरवत नाही, फाइल मात्र निम्मी होते.

आणि मग एक तारा देणारे. त्यातले बरेचसे लेन्स एररवाले असतात, आणि त्यांचा राग मला पटतो.

अशा कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या. नळीच्या भिंतीवर तिरक्या खाचा, त्यांत फिरणाऱ्या बारीक खुंट्या, आणि हे सगळं फिरवायला एक छोटी मोटर व तिच्यापुढे गिअरची रांग. बहुतेक भाग प्लास्टिकचे. नळी कुठवर आली हे आतला प्रकाश-सेन्सर सांगतो. ठरलेल्या वेळात ती ठरलेल्या जागी पोचली नाही की एरर. म्हणजे ‘लेन्स एरर’ या संदेशाचा अर्थ एवढाच की नळी पोचली नाही. का पोचली नाही, हे कॅमेऱ्याला कळत नाही. बॅटरी म्हातारी असेल तर मोटरने झटका मागताच तिचा व्होल्टेज खाली येतो आणि लेन्स अर्ध्यावर थांबते. नळ्यांच्या फटीत वाळूचा एक कण गेला तरी तेच. गिअरचा दात तुटला, खुंटी खाचेतून निसटली, आतली फ्लेक्स केबल रोज वाकून चिरली, तरी तेच. आपटणं हे या यादीतलं फक्त एक कारण आहे. काउंटरवर ते पहिलं आणि एकमेव असतं.

म्हणून सेंटरला जायच्या आधी घरी: दुसरी चांगली बॅटरी असेल तर ती, नाहीतर आहे तीच पूर्ण चार्ज करून. मेमरी कार्ड काढून एकदा सुरू करून बघायचं. लेन्सचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने फटीत गोलाकार हवा मारायची. डब्यातल्या दाबाच्या हवेने कण आणखी आत जातात, आणि तेलाचा फवारा तर अजिबात नको. तो पुढे काचेवर आणि शटरच्या पात्यांवर पसरतो. नेटवर ‘टेबलावर हळूच आपटा’ किंवा ‘नळी हाताने फिरवा’ असले उपाय सर्रास सांगतात. कधीमधी लेन्स सुटतेही, नाही असं नाही. पण वॉरंटी चालू असेल तर तिकडे फिरकू नका. आपटल्याची जी खूण काउंटरवाला शोधतो, ती तुम्हीच त्याला करून देता. बऱ्याच मॉडेलांत प्लेबॅकचं (काढलेले फोटो बघायचं) बटण दाबून धरलं की लेन्स न हलता कॅमेरा सुरू होतो. तसा झाला तर बॅटरी आणि मुख्य सर्किट मेलेलं नाही एवढं नक्की, आणि अंतर्गत मेमरीत काही फोटो असतील तर तेही काढून घेता येतात.

आता काउंटर. तिथे चार-पाच गोष्टी बघतात: लेन्सच्या पुढच्या कड्याला पोचा आहे का, नळी आणि बॉडीमधली फट चारी बाजूंनी सारखी आहे का (नळी कलली की एका बाजूची फट रुंद दिसते), बॉडीचे कोपरे, फटीत वाळू, बॅटरीच्या खोबणीत गंज किंवा ओलावा. आघात, वाळू आणि पाणी बहुतेक वॉरंट्यांत बसत नाहीत, त्यामुळे यांतलं काहीही सापडलं की त्यांचं काम झालं. नेमक्या याच जागांचे फोटो कॅमेरा हातातून सोडण्याआधी काढून ठेवा. टॉर्च बाजूने आडवा धरला तर बारीकसा पोचाही सावलीने दिसतो. नसला तर नाही हेही तितकंच स्पष्ट दिसतं. तळाचा सिरियल नंबर एका फोटोत आलाच पाहिजे. आणि जॉबशीटवर ‘बाहेरून कोणतीही खूण नाही’ हे वाक्य त्यांच्याकडून लिहून घ्या. ‘सिस्टीममध्ये तसा कॉलम नाही’ हे उत्तर मिळतं. शेऱ्याचा कॉलम असतोच, तिथे लिहायला लावा. तेही नाही म्हणाले तर आपल्या सहीच्या वर आपल्याच हाताने लिहा.

मला सगळ्यात चीड आली ती यानंतरच्या पायरीची. अंदाजपत्रक आलं: पूर्ण लेन्स युनिट, मजुरी, कर, बेरीज नव्या कॅमेऱ्याच्या जवळ पोचणारी. (अशा कॅमेऱ्यांत सुटा गिअर बदलत नाहीत, लेन्सचा अख्खा ठोकळा बदलतात, बहुतेकदा सेन्सरसकट.) कारणाच्या जागी तेच दोन शब्द, आणि खाली सहीसाठी रेघ. फोनवर मधाळ आवाजात ‘सर, अप्रूव्ह करून टाका, पार्ट लगेच मागवतो’. इथे घाईने होकार देऊ नका. होकार दिला की कारणही मान्य केलं असंच धरून चालतात, आणि नंतरच्या भांडणात तुमचाच होकार तुमच्यापुढे ठेवतात. फोनवर नुसतं ‘विचार करून सांगतो’ म्हटलं तर कॅमेरा कपाटात पडून राहतो. होकार नको आणि मौनही नको, एक लेखी प्रश्न विचारा: आघाताची खूण कोणत्या भागावर आहे, तिचा फोटो पाठवा.

हा प्रश्न मी काउंटरला न विचारता कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने विचारला आणि सेंटरला त्याची प्रत ठेवली. मेलमध्ये जॉब नंबर, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, बिलाची प्रत, आधी काढलेले फोटो. त्रागा नाही, ‘इतका भरवसा होता’ वगैरे नाही. वाचणाऱ्याला प्रश्न एकच दिसला पाहिजे. आधीच्या फोनाफोनीतून काहीही हाती लागलं नव्हतं, कारण फोनवर बोललेल्याचा कागद होत नाही. लेखी प्रश्न गेल्यावर मात्र कॅमेरा पहिल्यांदा खरोखर उघडला गेला. निघालं काय, तर गिअरचा दात तुटलेला. कडं, खुंट्या, खाचा सगळं जागच्या जागी. जॉबशीटवरचे ते दोन शब्द गेले, युनिट वॉरंटीत बदललं. दिलगिरी कुणी व्यक्त केली नाही.

दुरुस्त होऊन आलेला कॅमेरा तिथेच तपासा, घरी नेऊन नाही. नवं युनिट म्हणजे नवी लेन्स, आणि या लेन्सा एकसारख्या निघत नाहीत. आतलं एखादं भिंग किंचित सरकलेलं असलं की फोटोचा एक कोपरा कायम धूसर येतो. मालकांच्या मतांतली निम्मी तफावत याचीच असावी असं मला वाटतं. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट लावा, कॅमेरा त्याला अगदी समांतर, स्टँडवर, सर्वात कमी आयएसओ, २ सेकंदांचा टायमर. रुंद टोक, मधला झूम, पूर्ण झूम, असे तीन फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर ती लेन्सची जात. एकच कोपरा मऊ असेल तर युनिट परत. मग पूर्ण झूमला मोकळ्या आकाशाचा फोटो. राखाडी डाग दिसला तर आत धूळ आहे, आणि ती तुम्हाला बाहेरून काढता येणार नाही. झूम आत-बाहेर करताना आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा.

‘पूर्ण झूमला सगळं हलतं’ या तक्रारीसाठी मात्र सेंटरला जाऊ नका. ७२० मिलिमीटरच्या बरोबरीच्या झूमला हातात धरून १/७२० सेकंदाच्या आसपासचं शटर लागतं. स्टॅबिलायझरने (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेने) तीन स्टॉप वाचवले, म्हणजे वेळ तीनदा दुप्पट करू दिला, तरी १/९०. ढगाळ दुपारी कॅमेरा त्याच्याही खाली जातो. आयएसओ ४०० करा, कोपर टेकवा.

कॅमेरा जमा करताना कार्ड, पट्टा आणि केस काढून घ्यायचं हे वर सांगायचं राहिलं. बॅटरी द्यावीच लागली तर तिचा नंबर जॉबशीटवर घाला. बॅटरीविना बरेच दिवस पडून राहिला की घड्याळ शून्यावर जातं, तेव्हा पहिल्या फोटोआधी तारीख लावा. दुरुस्तीच्या कागदावर बदललेल्या भागाचं नाव आणि त्या भागाची वेगळी वॉरंटी किती, हे दोन्ही छापलेलं आहे ना ते बघूनच कॅमेरा ताब्यात घ्या.