शिंगराने मला शिकवलं ते

घोडीने ११ महिने पूर्ण केले, वर आठवडाभर मला तबेल्यात झोपवलं, आणि मी चहा टाकायला गेले तेवढ्यात व्याली. घोड्या अशाच, माणसाची पाठ वळायची वाट बघतात.

शिंगराला उभं राहायला ४० मिनिटं लागली. नुसते पाय! चार वेळा पेंढ्यात तोंडावर आपटलं, पाचव्यांदा उभं राहिलं आणि सड शोधत आईच्या पुढच्या पायांतच ढुसण्या देऊ लागलं. मदतीला धावायचा मोह आवरला. दोन तासांच्या आत चीक पोटात गेला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शिंगराची सुरुवातीची प्रतिकारशक्ती या चिकातूनच येते, आणि २४ तासांनंतर त्याची आतडी ती शोषून घेत नाहीत. घोडीची वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, पडल्यावर पसरून पाहिली; तुकडा आत राहिला नव्हता, अख्खी होती.

नवव्या दिवशी पातळ हगलं. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं; दूध पितंय, उड्या मारतंय ना? मग नुसतं लक्ष ठेवा. आईची लीद खाताना पाहून तर मी ओरडलेच. तेही चालतं म्हणे, पोटाला लागणारे जिवाणू त्यातून मिळतात.

चूक माझी एकच. ते लाडात येऊन पुढचे पाय माझ्या खांद्यावर टाकायचं आणि मी हसायचे. तीन महिन्यांनी त्याच लाडाने मला कुंपणावर आपटलं. आता म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) घालून रोज दहा मिनिटं: चाल, थांब, पाय उचल. पाय उचलतं. थांबत मात्र अजून नाही.