दोन टूथपेस्ट, तीन खिसे

आमच्या बाथरूमच्या कपाटात आत्ता अकरा टूथपेस्ट आहेत. घरात दात घासणारी माणसं तीन. नवरा दर रविवारी त्या मोजतो आणि वाण्याचं दुकान टाकायचं का म्हणून विचारतो. विचारू दे बापडा. त्या अकरांपैकी एकीलाही मी छापील किंमत मोजलेली नाही.

इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, ड्रगस्टोअर म्हणजे आपलं मेडिकल नव्हे. आपल्याकडे काउंटरमागचा माणूस चिठ्ठी वाचतो, स्टुलावर चढतो आणि गोळ्यांच्या पट्टीतून हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतो. इथे औषधं दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीशी असतात. तिथवर पोचायचं तर शाम्पू, चिप्स, दूध, वाढदिवसाची कार्डं, छत्र्या असं सगळं ओलांडत जावं लागतं. नुसतं हात हलवत गेलं तर भावही सुपरमार्केटपेक्षा चढे. न्यू जर्सीत आले त्या हिवाळ्यात सर्दीच्या गोळ्या घ्यायला गेले, येताना टूथपेस्टही घ्यावी म्हटलं, आणि किंमत वाचून मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला. टूथपेस्ट जागच्या जागी ठेवली. (हा गुणाकार सुटायला प्रत्येकाला दोनेक वर्षं लागतात. माझा अजून पुरता सुटलेला नाही.)

पुढची विद्या दिली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी. निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे सवलतीच्या कूपनांची, कप्प्याकप्प्यांची एक फाइल आहे, पेटीच्या भात्यासारखी उघडणारी. प्रत्येक कप्प्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: साबण, दात, केस, मांजर. त्यांचं म्हणणं एवढंच की छापील किंमत ही पाहुण्यांसाठी असते.

त्यांनी पहिल्यांदा समजावलं ते असं, की कूपन दिसायला एकसारखी असली तरी पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. एक कूपन माल बनवणाऱ्या कंपनीचं. दुकान ते तुमच्याकडून घेतं आणि तेवढे पैसे कंपनीकडून वसूल करतं. दुसरं खुद्द दुकानाचं, म्हणजे दुकानदार स्वतःच्या नफ्यातून सोडतो ते. तिसरा खिसा रिबेटवाल्याचा, म्हणजे खरेदी झाल्यावर काही पैसे परत देणाऱ्याचा. पूर्वी डब्यावरची बारकोडची पट्टी कापून, पावती जोडून पाकीट पोस्टात टाकायचं आणि कित्येक आठवड्यांनी एकदा चेक यायचा. आता आयबोटासारख्या ॲपवर पावतीचा फोटो टाकला की काम झालं. एकाच वस्तूवर कंपनीची दोन कूपनं चालत नाहीत. पण कंपनीचं एक आणि दुकानाचं एक चालतं, आणि वर रिबेटही घेता येतो. खिसे वेगळे, म्हणून भांडण नाही.

परवाचाच हिशोब सांगते. सीव्हीएस नावाच्या ड्रगस्टोअरमध्ये टूथपेस्ट 4.49 डॉलरला एक. दोन घेतल्या तर चार डॉलरचे एक्स्ट्राबक्स परत, म्हणजे पुढच्या खरेदीला दुकानात वापरायचे पैसे. दोनचे झाले 8.98. दुकानाचं कूपन एक डॉलरचं, कंपनीचं दोन डॉलरचं. उरले 5.98. इथवर सोपं. मग आला कर. न्यू जर्सीत विक्रीकर 6.625 टक्के, आणि टूथपेस्टवर तो लागतो. माझी समजूत अशी की तो 5.98 वर बसेल. तसं नाही! दुकानाचं कूपन ही खरी सूट, म्हणून ती कर लावायच्या किमतीतून वजा होते. कंपनीचे दोन डॉलर मात्र दुकानाला मिळणारच असतात, त्यामुळे सरकारच्या लेखी ते किमतीतच धरलेले. कर लागला 7.98 वर, 53 सेंट. दिले 6.51. त्यातले चार एक्स्ट्राबक्स म्हणून आले, एक डॉलर ॲपवर. दोन टूथपेस्ट पडल्या दीड डॉलरला. वर एक सेंट.

पावती मात्र माझ्या कमरेपर्यंत आली. सीव्हीएसच्या लांबलचक पावत्या हा इथे सगळ्यांच्याच चेष्टेचा विषय आहे. ती शेपटी म्हणजे पुढची कूपनं असतात.

आणि खरी गोम त्या चार डॉलरमध्येच आहे. ते रोख नव्हेत. त्यांच्यावर तारीख असते, त्यावर डॉक्टरने लिहून दिलेली औषधं किंवा पोस्टाची तिकिटं घेता येत नाहीत, आणि बिल त्यापेक्षा कमी झालं तर उरलेले सुटे मिळत नाहीत. थोडक्यात, दुकानाने आपल्याला तारखेची चिठ्ठी हातात देऊन परत बोलावलेलं असतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका दुकानातली अशीच दहा डॉलरची चिठ्ठी मी जाड कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. सापडली ती मार्चमध्ये, कोट धुवायला काढताना. तारीख फेब्रुवारीची. त्या दहा डॉलरसाठी मी आधी जे काय काय घेतलं होतं त्याची आठवण नको.

दुसरी फजिती इंग्रजीने केली. कूपनवर लिहिलेलं असतं, एका ‘पर्चेस’ला एक. मी त्याचा अर्थ एका बिलात एक असा घेतला आणि सहा शाम्पूंची सहा वेगळी बिलं करायला लावली. मागे रांग, पुढे घामाघूम झालेला कॉलेजातला पोरगा. तिसऱ्या बिलाला आजींनी मागून खांद्यावर टकटक केलं: पर्चेस म्हणजे एक वस्तू गं, एका बिलात सहा वस्तूंना सहा चालतात. एका बिलात एकच हवं असेल तर तिथे ‘ट्रान्झॅक्शन’ लिहिलेलं असतं. तेव्हापासून बारीक अक्षरं वाचते. त्यातच कधीकधी असंही छापलेलं असतं की या कूपनचं रोख मूल्य एका सेंटचा शंभरावा भाग!

गंमत म्हणजे कूपन आणि औषधाचं दुकान यांचं नातं जुनं आहे. 1886 मध्ये अटलांटात कोका-कोला पहिल्यांदा विकला गेला तोच मुळी औषधाच्या दुकानात, पाच सेंटला पेला. त्यानंतर थोड्याच काळात फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि लोकांना चटक लागली.

आता वर्तमानपत्रातली कूपनं विरळ झालीत, बरंचसं फोनवर टिकमार्क करून होतं. आजींना ते पटत नाही, त्यांची फाइल सडपातळ होत चाललीय. मी मात्र रविवारी सकाळी चहासोबत नव्या आठवड्याच्या जाहिराती चाळते. एक तास जातो. नोकरीतल्या माझ्या तासाच्या हिशोबाने बघितलं तर हा धंदा बुडीतच आहे, हे मला कळतं. नवऱ्याला सांगू नका.

गेल्या खेपेला सांगलीला जाताना अशाच सहा टूथपेस्ट बॅगेत टाकल्या. आईने त्या पलंगावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, “तिकडनं ही कसली भेट गं?” मी तिला तिन्ही खिसे, एक्स्ट्राबक्स, कर, सगळं पाऊण तास समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. मग उठली, फडताळातून वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा काढला आणि माझ्या रिकाम्या बॅगेत ठेवला. साबण होते, तीनवर एक फुकट. चांगले सोळा.

“चारदा गेले मी,” ती म्हणाली. “एका वेळी एकाला एकच देत होता मेला.”