भोगावतीकाठी कालवा शोधताना

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातला कोल्हापुरात रंकाळ्यावर चहा घेतला आणि फुलेवाडीतून राधानगरी धरणाची वाट धरली. माझं बालपण प्रवरेच्या कालव्याकाठी गेलं. त्यामुळे धरण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी कालवा येतो, मग त्याच्या फाट्या, म्हणजे वितरिका, मग शेतापर्यंत जाणारी चारी. इथं दोन्ही बाजूंना एवढा ऊस, म्हणजे कालवा असणारच, म्हणून मी मान वळवत गाडी चालवत होतो. दिसल्या त्या फक्त नदीतून वर चढलेल्या पाइपा.

हळदी गावच्या बंधाऱ्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं, "कालवा कुठनं जातो हो इथं?"

त्यांनी हनुवटीनंच खाली नदी दाखवली. "ह्योच की कालवा. पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

नगरकडचा म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली असावी, कारण पुढचा तासभर त्यांनी मला शिकवण्यात घालवला. राधानगरीतून सोडलेलं पाणी भोगावतीच्या पात्रातूनच खाली येतं. वाटेत तारळे, राशिवडे, हळदी, कोगे असे बंधारे ते अडवतात, आणि मोटारी ते उपसून शिवारात नेतात. पावसाळ्यात 'पाण्याखाली गेलेले बंधारे' म्हणून पेपरात ही नावं दरवर्षी वाचतो. उन्हाळ्यात त्यांच्यावरच सगळं शिवार जगतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

बंधारा जवळून बघण्यासारखा आहे. पात्रात ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि खाचांत एकावर एक सरकवलेले आडवे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या जागेत माती ठासायचे, आता लोखंडी आले. तरी सांध्यांतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडतच होत्या, आणि एका फटीत कुणीतरी चिखल माखलेली चिंधी कोंबली होती. वरच्या अंगाला पाणी तुडुंब, शेवाळी, निवांत. खालच्या अंगाला गुडघाभर, त्यात दोन म्हशी.

पाऊस ओसरल्यावर बरगे घालायचे, पुढचा पाऊस यायच्या आत काढायचे. ऐकायला सोपं. "लवकर घातलं आन् परतीचा पाऊस आला, तर पाणी उसात. उशीर केला तर वाडीला, कृष्णेत. मग काय, कर्नाटकात!" म्हातारबाबा हसले. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, तिथं भोगावतीचं पाणी घेऊन आलेली पंचगंगा कृष्णेला मिळते.

पुढं राधानगरी. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोरडे ठणठणीत होते. पाणी एका पातळीला पोचलं की हे आपोआप उघडतात, आणि एकेकातून १४२८ क्युसेक सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे एकाच दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर. उन्हाळ्यातलं पाणी या वाटेनं येत नाही, ते वीजगृहातून खाली सुटतं. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे काम, १९२२ साली ते गेले तेव्हा अर्धवट होतं. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. जिल्ह्यात खराखुरा कालवा बघायचाच असेल तर शेजारी दूधगंगेवर काळम्मावाडीला जावं, तिथं डावा-उजवा दोन्ही आहेत. मी गेलो नाही. ऊन फार होतं.

कालव्याचं पाणी उतारानं फुकट वाहतं, पण शेपटाकडच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेल तेव्हा खरं; आमच्या घरची अर्धी भांडणं त्यावरूनच. इथं वरचा-खालचा वाद कमी असेल असं मला वाटलं होतं. परतताना म्हातारबाबांना तसं म्हणालो, तर ते बघतच राहिले. उपसाबंदी, म्हणजे नदीतून पाणी उपसायला सरकारी मनाई, लागली की कुणाची मोटर चोरून चालू आहे हे अख्ख्या गावाला आवाजावरनं कळतं, म्हणाले. शिवाय पाणी असून लाईट नसते, आणि लाईट येते ती रातची.

त्या रात्री आठला लाईट येणार होती, म्हणून थांबलो. मोटर सुरू झाली. पाइप आधी नुसता खोकला, दोनदा गढूळ थुंकला, मग पांढरीशुभ्र धार पाटात पडली. बाबांनी बॅटरी माझ्या हातात दिली, खोरं मारून पहिल्या सरीचं दार मोडलं आणि ओरडले, "पाव्हणं, बूट काढा की!"

तोवर पाणी बुटात शिरलं होतं.