सांगली ते नेरूळ, व्हाया पाऊस : वर्ल्डकप फायनलला गेलो होतो त्याची गोष्ट

उशीर झालाय लिहायला, पण गेल्या महिन्यात तिघाजणांनी विचारलं की नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला मॅच बघायला जायचंय तर काय कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं टाकतो. २ नोव्हेंबर २०२५, रविवार, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, महिला वर्ल्डकपची फायनल. मी आणि माझी भाची. भाची तेरा वर्षांची, उजव्या हातानं लिहिते, उजव्या हातानं जेवते आणि बॅट मात्र डाव्या हातानं धरते, कारण काय ते सांगलीकरांना सांगायची गरज नाही. आमच्या सांगलीची स्मृती मानधना डाव्या हातानं खेळते, आणि ती पण मूळची उजवीच की, त्यामुळे आमच्या गावात असल्या पोरी बऱ्याच सापडतील.

मूळ प्लॅन वगैरे काही नव्हता. लीगमध्ये आपण ओळीनं तीन मॅच हरलो होतो, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि मग इंग्लंडकडून ४ रनांनी, तेव्हा फायनलचं तिकीट काढून ठेवणारा माणूस एकतर लई श्रद्धाळू नाहीतर येडा. मग गुरुवारी ३० तारखेला सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ मारले, ३३९ चेस झाले, आणि त्याच रात्री घरात तीन फोनवर तिकिटासाठी झटापट सुरू. पेज फिरतंय फिरतंय, तिकिटं दिसतायत, दाबलं की गायब. शेवटी मिळाली दोन. तर पहिला सल्ला हाच, टीम फायनलला जाईल का नाही हा विचार करू नका, तिकीट दिसलं की घ्या, महिलांच्या मॅचची तिकिटं स्वस्त असतात (या स्पर्धेची शंभर रुपयांपासून होती), टीम नाही आली तरी वर्ल्डकपची फायनल ती फायनलच.

शनिवारी रात्री सांगलीतून ट्रॅव्हल्स धरली. मुंबईला जाणाऱ्या गाड्या कळंबोलीवरून पुढे त्याच सायन-पनवेल हायवेनं जातात ज्याच्या कडेला स्टेडियम आहे, त्यामुळे आपल्याकडच्यांना मुंबईत आत शिरायची काहीच गरज नाही, नेरूळला एलपी नावाचा स्टॉप आहे तिथं थेट उतरता येतं. आम्ही पहाटे कळंबोलीला उतरलो कारण आत्या खारघरला राहते. रेल्वेनं येणार असाल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कल्याण, तिथून लोकलनं ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलनं नेरूळ, पण रविवारी मेगाब्लॉक असतो तो आदल्या दिवशीच बघून घ्या, नाहीतर ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर पहिली इनिंग जाईल. खारघर ते नेरूळ मधे दोनच स्टेशनं, बेलापूर आणि सीवूड्स. नेरूळला पूर्वेला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, रस्ता विचारायचा नाही, निळे टीशर्ट जातील तिकडं जायचं.

आत्या म्हणाली, "अरे पाऊस पडतोय, घरात टीव्ही मोठा घेतलाय यंदा, कशाला भिजायला जाता?" मी म्हटलं आत्या, साडेतीनशे किलोमीटरच्या वर आलोय. मग तिनं छत्री दिली. काळी, जुनी, लाकडी दांड्याची, काकांची. त्या छत्रीचं पुढं सांगतो.

नोव्हेंबरात पाऊस पडायला नको पण पडत होता. मॅच तीनला सुरू व्हायची ती पाचला झाली, टॉसच साडेचारनंतर. ओव्हर एकही कापली नाही हे नशीब. त्या दोन तासांत जे शिकलो ते असं की तिथल्या स्टेडियमचं छप्पर मोठं आहे आणि मधे खांब नाहीत, त्यामुळे कुठंही बसलं तरी खांबामागं मान वाकडी करायची वेळ येत नाही, पण अगदी खालच्या रांगांत छपराचा उपयोग नाही, तिथली माणसं उठून वर आली आणि जिन्यातच बसली. पावसाची शक्यता असेल तर वरच्या बाजूचं तिकीट घ्या. छत्री आत सोडत नाहीत. बाटली, पॉवरबँक, डबा, मोठी बॅग, काही नाही. आमची छत्री गेटच्या बाजूला एका कठड्यापाशी ठेवायला लावली, तिथं आधीच पाच-पन्नास पडलेल्या होत्या. रेनकोट खिशात न्या, पातळ प्लास्टिकचा, तो चालला. फोन आदल्या रात्री फुल चार्ज करा आणि आत गेल्यावर नेटवर्क धरून बसू नका. तिकीट फोनवर असेल तर गेटच्या अलीकडेच उघडून स्क्रीनशॉट काढा, आमच्या पुढचा एक जण दहा मिनिटं हात वर करून रेंज शोधत उभा होता. खाऊन जा. आत समोसा मिळतो पण त्या भावात सांगलीत दोघांची भेळ, वर चहा आणि रिक्षाचं भाडं निघेल.

पाऊस थांबेपर्यंत मोठ्या स्क्रीनवर रोहित शर्मा आभाळाकडं बघताना दिसला की सगळं स्टेडियम ओरडायचं, जणू तोच पाऊस थांबवणार आहे. शेजारी दादरचे एक काका होते साठी ओलांडलेले, ते अमोल मुजुमदारसाठी आले होते. म्हणजे आम्ही स्मृतीसाठी, पुढच्या रांगेतल्या पोरी कॅप्टन हरमनसाठी, आणि काका कोचसाठी! ते म्हणाले, "१९८८ साली सचिन-कांबळी ६६४ ची पार्टनरशिप करत होते ना, तेव्हा पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसलेला हा. बसूनच राहिला. मग रणजी पदार्पणातच २६०, पुढं अकरा हजारांवर रन, इंडिया कॅप नाही ती नाहीच. आज बघू." दोन तासांच्या पावसात यापेक्षा चांगला टाइमपास मला तरी नको होता.

आफ्रिकेनं टॉस जिंकून आपल्याला बॅटिंग दिली. इथं एक कबुली. २०१७ ची लॉर्ड्सची फायनल आम्ही घरात बघितली होती, स्मृती शून्यावर गेली आणि आपण ९ रनांनी हरलो, त्यामुळे तिचा पहिला रन होईपर्यंत मी श्वास घेतला नाही. या वेळी ४५ झाले. शेफालीबरोबर १०४ ची सलामी. ट्रायॉनच्या बॉलवर कीपरकडं कॅच गेला तेव्हा भाची पाच मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मामा, कट मारायचा बॉल नव्हता तो." बरं.

शेफालीबद्दल काय लिहू. ती टीममध्येच नव्हती. प्रतिका रावलला बांगलादेशच्या मॅचमध्ये लागलं, ते पण ह्याच ग्राउंडवर, म्हणून हिला बोलावलं. आणि ७८ बॉलमध्ये ८७. टीव्हीवर तिचा शॉट मोठा वाटतो, ग्राउंडवर तो आवाजानं कळतो, बॉल कुठं गेला ते नंतर दिसतं. दीप्तीचे ५८, रिचाचे ३४, एकूण २९८. खरं सांगायचं तर ३२० व्हायला पाहिजे होते, मधे आपण ढिले पडलो आणि खाकानं ३ काढल्या. स्टँडमध्ये कुणीच खूश नव्हतं. दव पडणार, ओला बॉल, पुढं त्यांची कॅप्टन आणि ओपनर वोल्वार्ट. आणि दुसरी भीती डी क्लर्कची, विशाखापट्टणमला लीगची मॅच तिनंच ८४ मारून आपल्या हातातून नेली होती.

कुठं बसायचं हा प्रश्न सगळे विचारतात. आम्ही स्क्वेअरला होतो, म्हणजे पिचच्या बाजूला. बॉलची लाईन, स्विंग काही कळत नाही, एलबीडब्ल्यूचं अपील झालं की आधी ओरडायचं मग स्क्रीन बघायचा. पण फिल्डिंग जी दिसते ती टीव्हीवर जन्मात दिसत नाही. त्यांची ओपनर ब्रिट्स रनआउट झाली तेव्हा अमनजोतचा थ्रो डायरेक्ट लागायच्या आधी हरमन कुणाला कुठं ढकलत होती हे सगळं दिसत होतं. आणि हरमननं शेफालीच्या हातात बॉल दिला तेव्हा आमच्या मागून एकजण जोरात, "अगं काय करतेस!" शेफालीनं ल्यूसला स्वतःच्या बॉलिंगवर पकडलं, पुढच्या ओव्हरला मारिझान कॅपला काढलं. मागचा माणूस म्हणतो, "मी म्हटलंच होतं."

वोल्वार्ट मात्र जातच नव्हती. शांत, केस न विस्कटता शंभर. तिच्या शंभरावर टाळ्या वाजल्या, मनापासून वाजल्या, आणि लगेच सगळे पोटात गोळा घेऊन खाली बसले. मग दीप्तीचा बॉल, हवेत, मिडविकेटकडं. आमच्यापासून ते लांब होतं. बॉल मला दिसलाच नाही, मी फक्त आवाज ऐकला. आवाज वर गेला, कापला गेला, परत वर, परत कापला, आणि मग जे फुटलं ते फुटलंच. अमनजोतच्या हातातून बॉल दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा एका हातात राहिला हे स्क्रीनवर नंतर बघितलं. ह्यासाठी जायचं स्टेडियमला. घरी बसला असतात तर कॅच नीट दिसला असता, पण ते तीन आवाज मिळाले नसते.

त्याच ओव्हरमध्ये ट्रायॉन पण. तरी डी क्लर्क होती ना, कुणी उठून नाचलं की आजूबाजूचे शर्ट ओढून बसवायचे. शेवटी तीच राहिली, दीप्तीला मारायला गेली आणि हरमननं मागं पळत कॅच घेतला. २४६. ५२ रनांनी. दीप्तीच्या ५ विकेट. मध्यरात्र. दादरच्या काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परत जायचं. लगेच निघू नका, निघून उपयोगच नाही. आम्ही थांबलो म्हणून मिताली, झुलन, अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्या हातात ट्रॉफी गेलेली बघायला मिळाली, आणि व्हीलचेअरवरची प्रतिका. रात्रीची मॅच लांबली तर शेवटच्या लोकलच्या भरवशावर राहू नका, नेरूळ, सीवूड्स, खारघर, बेलापूर इथं कुठंतरी मुक्काम ठरवूनच या. स्टेडियमच्या तोंडाशी रिक्षा मिळत नाही, मिळाली तर मीटर नाही. कुणी न्यायला येणार असेल तर त्याला गेटपाशी बोलवू नका, हायवेच्या पुढं एक-दीड किलोमीटरवर थांबायला सांगा आणि ती जागा दुपारीच ठरवा कारण रात्री फोन लागत नाही. आत्याचा मुलगा असाच उभा होता, तासभर, एका बंद पंक्चरवाल्याच्या दुकानापुढं. सोबत लहान मूल असेल तर हरवल्यावर कुठं भेटायचं ते आधी दाखवून ठेवा. दुसऱ्या दिवशीची रजा आदल्या आठवड्यात टाका, मी टाकली नव्हती, तो विषय वेगळा.

आणि छत्री. भाचीला म्हटलं राहू दे, तर म्हणे, आत्याआजीला काय सांगणार? गेलो गेटपाशी. साडेबारा वाजून गेलेत, रस्त्यावर ढोल वाजतोय, आणि त्या कठड्यापाशी छत्र्यांचा डोंगर जसाच्या तसा. एकही माणूस न्यायला आलेला नाही. निम्म्या काळ्या, त्यात निम्म्या लाकडी दांड्याच्या. फोनच्या उजेडात पंधरा मिनिटं शोधली. मिळाली. दुसऱ्या दिवशी आत्यानं उघडून बघितली आणि म्हणाली, "ही नव्हे रे."