घासभर शिऱ्यानं काय होतं?

श्रावण लागला की सत्यनारायणाची आमंत्रणं येतात आणि त्यांच्या मागोमाग हा प्रश्नही येतो. मी प्रसादाचा द्रोण हातात घेते, कपाळाला लावते आणि शेजारी बसलेल्या एखाद्या मुलाला देऊन टाकते. केळं खाते, तीर्थ घेते. मग कुणीतरी जवळ येऊन हळू आवाजात म्हणतं, "अहो, प्रसाद आहे. घासभर शिऱ्यानं काय होणार आहे?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते, कधी देवाची भीतीही असते. उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर मला कधीच नीट देता आलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

मला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, पोळी न तुटता लाटली जाते, ती त्याच्यामुळे. माझ्या पोटात ते गेलं की शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा माझ्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं ती शोषून घेते. ही लव झिजून सपाट होते. मग कितीही चांगलं खा, अंगी लागत नाही. ही अ‍ॅलर्जी नाही, त्यामुळे आधी एक गोळी घेऊन शिरा खाल्ला असं करता येत नाही. यावर आज औषध नाही. ग्लुटेन पूर्ण बंद करणं एवढाच उपचार आहे. तो केला की ती लव पुन्हा उगवते, फक्त तिला महिने लागतात, कधी वर्षं.

मला हे कळायला सात वर्षं गेली. २००६ साली धाकट्या मुलाच्या वेळी हिमोग्लोबिन उतरलं ते परत चढलंच नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, मग शिरेतून इंजेक्शनं झाली. चार महिने बरे जायचे की पुन्हा जिना चढताना धाप. तोंड सतत आलेलं. एकदा आकडा ६.८ वर आला, तेव्हा ऑफिसच्या पायऱ्यांवर मी बसून राहिले होते. घरचे सगळे ताकदीचं खाऊ घालत होते. हळिवाचे लाडू, खजूर, बीट, आणि रोज सकाळी गव्हाच्या सत्त्वाची खीर. सिलिअ‍ॅक कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण हा लहान मुलांचा आजार, जुलाब होणाऱ्यांचा आजार, उत्तरेकडच्या लोकांचा आजार असा समज होता. उत्तर भारतात तो साधारण शंभरात एकाला असतो आणि दक्षिणेकडे त्याहून बराच कमी, हे खरं. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि मोठ्या माणसात तो नुसता न हटणारा अ‍ॅनिमिया होऊनही येतो. २०१३ मध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लोह पोटात जातंय, मग ते मुरत का नाही?" त्यांनी टीटीजी ही रक्ताची तपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला, आणि सात वर्षांचं कोडं आठवड्यात सुटलं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. शंका आली म्हणून आधीच गहू सोडू नका. तपासणी होईपर्यंत खात राहावं लागतं, नाहीतर रक्तातल्या खुणा मावळतात आणि निदान चुकतं. माझ्या बहिणीनं घाबरून तीन महिने पोळी सोडली आणि मगच तपासणीला गेली. तिला सगळं पुन्हा सुरू करून थांबावं लागलं. सख्ख्या नात्यात हा आजार दहातल्या एकाच्या आसपास निघतो, म्हणून भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायलाच हवं. तिला निघाला. काहीही त्रास होत नव्हता, तरी निघाला.

आता घासाचा हिशेब. एका मध्यम पोळीत तीसेक ग्रॅम कणीक जाते आणि तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्याला इजा होते, हे रुग्णांवर अभ्यास करून पाहिलेलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा पन्नासावा-साठावा भाग, ताटाच्या कडेला पडलेला एक तुकडा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर आपल्याकडे कायद्यानं किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घासभर शिरा या सगळ्याच्या कितीतरी पुढे जातो. त्यानंतर मला दोन दिवस पोट फुगून येतं, तोंड येतं, अंगातलं त्राण जातं. पण खरी भीती त्या दोन दिवसांची नाही. माझ्या बहिणीला शिरा खाऊन काहीच होणार नाही आणि आत मात्र तेच घडत राहील. "बघ, काही झालं नाही ना?" हे वाक्य म्हणूनच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आणि शिरा तरी समोर दिसतो. न दिसणाऱ्या गव्हानं माझं पहिलं वर्ष खाल्लं.

पोळी, ब्रेड, बिस्किटं, शेवया, रवा सगळं बंद करून अकरा महिने झाले होते आणि टीटीजीचा आकडा थोडासा उतरून तिथंच अडला होता. डॉक्टर म्हणाल्या, कुठून तरी जातंय. मी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले आणि दिवसभरात तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ लिहून काढला. पहिला सापडला हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. रोजची आमटी, रोजची कोशिंबीर, रोजची फोडणी.

दुसरं सासूबाईंना सापडलं. मला बरं नसलं की त्या मऊ भात करायच्या, वर तूप आणि मेतकूट. आमच्याकडे आजाऱ्याला दुसरं काही देतच नाहीत. त्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मेतकुटात गहू असतो." मी लिहिणं थांबवलं. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, आणि मूठभर गहू, खमंग भाजून. चाळीस वर्षं त्या ते हातानं करत होत्या, इतक्या सवयीनं की गहू हा त्यातला एक जिन्नस आहे हे आठवायलाही त्यांना अकरा महिने लागले. "तुला बरं नाही म्हणून मी तेच घालत होते," एवढं म्हणून त्या आत निघून गेल्या.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी त्यांना डॉक्टर डिके यांची गोष्ट सांगितली. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या वॉर्डात या आजारानं खंगलेली मुलं असायची. पावामुळे ती बिघडतात असा संशय त्यांना युद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, माणसं ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागली. आणि आजूबाजूची माणसं उपाशी असताना ही मुलं सुधारली. पाव पुन्हा मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिक्यांनी नंतर मोजूनमापून प्रयोग केले आणि १९५० साली प्रबंधात दोष गव्हाचा आहे हे मांडलं. त्याआधी किती आयांनी आपल्या सुकत चाललेल्या लेकरांना अंगी लागावं म्हणून पावच भरवला असेल. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बायकांना नंतर कुणी सांगितलं का गं, की तुमचा दोष नव्हता म्हणून?"

आठ दिवसांनी त्यांनी नवं मेतकूट केलं. गहू वगळला, डाळ थोडी वाढवली, आणि हिंग आणला तो पाकिटावर तांदळाचं पीठ लिहिलेला. दुकानदाराकडून तीन पाकिटं मागवून चष्मा लावून वाचली होती.

तिसरी जागा गिरणी. माझी ज्वारी दळायला जात होती ती गव्हावर. गिरणीच्या पात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. उपवासाचं दळण द्यायचं असलं की आपण "गव्हावर दळू नका" म्हणून बजावतो ते त्याचसाठी. मी रोज शुद्ध भाकरी म्हणून जी खात होते तिच्यात गहू होताच. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधी टाकला नाही. चाळण वेगळी केली, कारण चाळणीची छिद्रं कितीही धुतली तरी स्वच्छ होत नाहीत. पोळपाट, लाटणं, परात, तवा वेगळे. सहा महिन्यांनी आकडा खाली आला. त्यानंतर वर्षभरात हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं, आणि मी पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढले.

"मग तुम्ही खाता तरी काय?" हेही विचारतात. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे याचं उत्तर मला सोपं आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आमच्या घरात पोत्यानं यायची आणि पोळी सणावारी व्हायची. माझी आजी रोज भाकरीच खायची आणि पाहुण्यांसमोर पोळी वाढली नाही तर तिला कमीपणा वाटायचा. मला तिच्या ताटाकडे परत यायला आजारी पडावं लागलं. प्रवासात सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर असते. आठ दिवस टिकते, कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. आंबोळ्या, घावन, उकडीचे मोदक चालतात. उपवासाच्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांच्या पंक्तीला बसून सगळ्यांचं खाते, आणि एकादशी मला त्यासाठी फार आवडते. खपली गहू चालत नाही. देशी, जुना, पचायला हलका म्हणून तो पुष्कळजण प्रेमानं आणून देतात, पण खपली हा गहूच आहे. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या असतात आणि सातूच्या पिठात गहू असतो, म्हणून त्याही नाहीत.

जेवायला बोलावलंत तर माझ्यासाठी वेगळं काही करू नका, असं मी सगळ्यांना सांगते. वेगळं करताना त्याच पिठाच्या हातानं, त्याच झाऱ्यानं होतं आणि ते कष्टानं केलेलं म्हणून मला नाही म्हणवत नाही. मला फक्त खरं सांगा. आमटीत कुठला हिंग घातलाय, कळत नसेल तर कळत नाही म्हणा. "काही नाही हो त्यात, खा तुम्ही" हे सांगणाऱ्याला माझी भूक दिसत असते, पण त्या एका वाक्यावर माझे पुढचे कितीतरी दिवस टांगलेले असतात.

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात मी भटारखान्यात जाऊन आचाऱ्याला विचारलं. पन्नाशीचा माणूस, चार कढया पेटलेल्या, पंगत बसायला दहा मिनिटं. त्यानं झारा खाली ठेवला आणि माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग एकेक भांडं दाखवत गेला. "ताई, पापड तांदळाचे आहेत, पण याच तेलात कुरडया तळल्यात, आणि कुरडई गव्हाच्या चिकाची. तुम्ही घेऊ नका. आमटीचा हिंग मी सुटा आणलाय, त्याची खात्री मी देत नाही. भजी त्याच तेलातली. भात वेगळ्या पातेल्यात आहे, त्यात मीठसुद्धा घातलं नाही." त्यानं माझ्या पानासाठी पातेल्याच्या मधला भात न वापरलेल्या डावानं काढला, तूप नवीन डब्यातून वाढलं आणि लिंबू स्वतः धुऊन कापलं. मी पंगतीत बसले. शेजारच्या काकूंनी माझ्या पानाकडे बघून "एवढंच?" म्हणून विचारलं. मी दोनदा भात मागून घेतला.