डब्यावरची तारीख

"पाच माणसांचा किराणा साडेसात हजारांत बसवता तरी कसा?" हा प्रश्न मला सारखा येतो. ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या जिन्यात, नणंदेकडे गेलं की तिथेही. परवा आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारला. तिच्या आवाजात नुसती उत्सुकता नव्हती, वीस तारखेनंतरची काळजी होती. म्हणून या वेळी नीट बसून लिहिते आहे.

आधी हिशेब साफ सांगते. या साडेसात हजारांत दूध, भाजी, फळं आणि गॅस धरलेला नाही. धान्य, डाळी, तेल, तूप, साखर, चहा, मसाले आणि साबण-पावडर, एवढंच. घरात आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. पुण्यात धायरीला राहतो. कधीमधी दोनशे इकडे, दोनशे तिकडे होतात. सहा वर्षांपूर्वी हीच माणसं आणि हेच जेवण असताना अकरा हजार जायचे, आणि तेव्हा वस्तूंचे भाव आजच्यापेक्षा कमी होते.

बदल झाला तो २०२०च्या पावसाळ्यात. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा इतरांसारखीच मीही घाबरले होते. रांगेत उभी राहून मिळेल ते आणलं होतं: आठ किलो रवा, सहा किलो पोहे, बेसन, मैदा. मैदा आमच्या घरात कोणी खात नाही, तरी आणला. जुलैत एका सकाळी उपम्यासाठी डबा उघडला, तर रव्याला जाळी धरलेली. चमचा घातला की गोळाच्या गोळा वर यायचा, आणि त्यात अळ्या. मी डबा कचऱ्याच्या पिशवीत उपडा करणार, तेवढ्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हात धरला.

आईंचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि घरच्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. तिथे खायला मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं तयार खाणं, आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी, यावर त्या घराने वर्ष काढलं. त्या मला एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. पाटावर बसून बारीक चाळणीने रवा चाळायला लागल्या. अर्ध्याहून जास्त टाकावाच लागला. चाळता चाळता त्यांनी मला एवढंच विचारलं, "अगं, आपल्याला महिन्याला रवा लागतो किती?"

मला सांगता आलं नाही. तेरा वर्षं घर चालवत होते, पगाराचा पै-पैचा हिशेब ठेवत होते, पण माझ्या घराला महिन्याला रवा किती लागतो हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मुलाच्या वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापून मी प्रत्येक डब्यावर चिकटवल्या. नवा माल डब्यात भरला की पट्टीवर वजन आणि तारीख लिहायची, डबा संपला की पुढे दुसरी तारीख. दोन महिने बाकी काही केलं नाही. दुकान बदललं नाही, ब्रँड बदलला नाही, कोणाच्या तोंडचं काही काढलं नाही. तुम्ही मला काय करू म्हणून विचारलंत, तर माझं उत्तर हेच आहे. बाकीचं सगळं यातूनच निघालं.

तूरडाळ अडीच किलो, अठ्ठावीस दिवस. गहू वीस किलो, तेहतीस दिवस. रवा जेमतेम एक किलो. पोहे मी दर महिन्याला दोन किलो आणत होते आणि संपत होते सव्वा किलो. उरलेल्यावर पुढचे दोन किलो, असं करत तळाचे पोहे खवट होईपर्यंत थर साचायचे. उलट शेंगदाणे आणायचे एक किलो आणि लागायचे पावणेदोन, कारण आमच्याकडे भाजीला कूट आणि उपासाला खिचडी. मग महिन्याच्या मध्यावर पाव किलोची पुडी, चार दिवसांनी आणखी एक. पाव किलोच्या पुडीचा भाव किलोच्या भावाने कधीच पडत नाही. शिवाय पुडी आणायला गेलेला माणूस नुसती पुडी घेऊन घरी येत नाही. मोबाइलवरून दहा मिनिटांत सामान मागवायचं ते तर आणखी वाईट. वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी ॲप उघडायचं, डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून आणखी चार वस्तू टाकायच्या आणि दोनशे पंधरा रुपये भरायचे. हे मी स्वतः कितीदा केलंय. आता ते ॲप माझ्या फोनवर नाही.

घराचं माप कळलं की मोठी खरेदी करायची भीती जाते. आमच्या जिन्यातल्या तीन घरांनी मिळून आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार, म्हणजे धान्याच्या, बाजारातून तूरडाळीचं तीस किलोचं पोतं आणायला सुरुवात केली आहे. घरी आणून वजनकाट्यावर दहा-दहा किलो वाटून घेतो. माझ्या घरी दहा किलो म्हणजे चार महिने, हे मला पट्टीवरून माहीत आहे. एकटीने पोतं आणलं असतं तर वर्षभर पुरलं असतं आणि पावसाळ्यात किडलं असतं. यात कराचाही भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागतो, पण तो पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकिंगला. सुट्या मालाला नाही आणि मोठ्या पोत्यालाही नाही. दुकानात तांदळाची सव्वीस किलोची पोती दिसतात ती त्यामुळेच.

कधी घ्यायचं, हे आईंकडून शिकले. नवी तूर जानेवारीपासून बाजारात यायला लागते, म्हणून वर्षातली पहिली खेप फेब्रुवारी-मार्चमध्ये. गहू एप्रिलमध्ये. नवा कोलम तांदूळ डिसेंबर-जानेवारीत स्वस्त असतो, पण त्याचा भात चिकट होतो. तो तसाच ठेवून पावसाळ्यानंतर खायला काढला की भात मोकळा होतो आणि वाढतोही. कांद्याचं तर फार महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा तेवढा टिकतो. खरिपाचा लाल कांदा साठवायला गेलात तर थोड्याच दिवसांत पाणी सुटेल. मी मे महिन्यात तीस किलो घेते, पातींमागच्या माना पूर्ण सुकलेल्या बघून, आणि गॅलरीत सावलीला पसरते. दर रविवारी हात फिरवून नरम पडलेला बाजूला काढायचा आणि तो आधी वापरायचा. ऑगस्टनंतर बाजारात कांदा कडाडतो तेव्हा आमचा घरचा चालू असतो.

वर्षाचं धान्य भरा, असं मात्र मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाच सांगणार नाही. माझ्या गॅलरीत ऊन येतं ते नऊ ते बारा. तेवढ्यात चार महिन्यांचा गहू कडकडीत वाळतो, बारा महिन्यांचा नाही. आई डाळीला एरंडेल चोळतात, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. पण ऊन नसेल तर याचा उपयोग थोडाच.

आता तेलाबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे नकळत जातात. पूर्वी पिशवी एक लिटरची म्हणजे एक लिटरचीच असायची. पॅकिंगच्या ठरावीक मापांचा नियम उठल्यापासून शेजारी शेजारी ठेवलेल्या, दिसायला सारख्याच पिशव्यांत कुठे ९१० ग्रॅम असतं, कुठे ८७०, कुठे ८००. गेल्या महिन्यात माझ्या हातात दोन पिशव्या होत्या. एक १५० रुपयांची, दुसरी १५७ ची. हात आपोआप दीडशेवालीकडे गेला. मागे बघितलं तर तिच्यात ८५० ग्रॅम, दुसरीत पूर्ण लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम. किलोचा भाव काढला तर स्वस्त वाटणारी पडली १७६ ला आणि महाग वाटणारी १७३ ला. एमआरपीजवळ बारीक अक्षरात 'युनिट सेल प्राइस', म्हणजे एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव, छापलेली असते, ती बघायची सवय लावून घ्या. पण दोन गोष्टी सांभाळा. एका पिशवीवर ती ग्रॅमची असते आणि दुसरीवर मिलिलिटरची, त्यांची तुलना होत नाही. आणि ती एमआरपीवर काढलेली असते. दुकानदाराने सूट दिली असेल तर भागाकार आपला आपणच करायचा. डब्याचंही तसंच. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे, म्हणून भाव विचारताना किलो की लिटर हे आधी विचारा.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही खरं नाही. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलिलिटरच्या हिशेबाने बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. फक्त पुड्यांचा प्लास्टिकचा कचरा मला बघवत नाही, म्हणून मी बाटलीच आणते आणि जास्तीचे पैसे देते. तिथे मी पैशाकडे बघत नाही.

हळद, तिखट आणि धणेपूड सुटी घेत नाही. भेसळ तिथेच होते, आणि दळलेले मसाले सुटे विकायला कायद्यानेही बंदी आहे. हळकुंडं आणि मिरच्या आख्ख्या आणायच्या, उन्हात तापवायच्या आणि कांडपावर समोर उभं राहून करून आणायच्या. यात पैसे फार वाचत नाहीत, पण काय खातोय ते कळतं.

तुपावर, दाण्यांवर, मुलांच्या खाण्यावर मी कधी हात आखडलेला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बचत म्हटलं की घरातली बाई पहिल्यांदा स्वतःच्या ताटातलं कमी करते. मी माझ्या आईला तसं करताना पाहिलंय. कोपऱ्यावरच्या वाणीकाकांनाही मी सोडलेलं नाही. चहा, साखर, साबण त्यांच्याकडूनच. नवा माल कधी आला, कोणत्या पोत्यातला तांदूळ जुना आहे, हे ते मला खरं सांगतात, आणि अडीनडीला सामान घरी पोचवतात. ज्या आठवड्यात माझे पती दवाखान्यात होते, तेव्हा काकांनी वहीत मांडून सगळं पाठवलं होतं.

ऑफिसातल्या त्या मुलीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, मग मी पुढच्या खेपेला तुमच्या पोत्यात वाटा घेऊ का?" मी म्हटलं, जरूर घे, पण आत्ता नको. तुमच्या घरात दोघंच माणसं, तूरडाळ किती लागते ते तुला ठाऊक नाही. घरी जाऊन डब्यावर पट्टी लाव आणि आजची तारीख घाल. डबा संपेल त्या दिवशी मला आकडा सांग, तेवढे किलो तुझ्या नावाने धरते.