तुम्ही विचारलंत म्हणून: काहीही घातलं तरी पेटेल असा स्वस्त स्टोव्ह

पाठीला सॅक लावून दिवसच्या दिवस चालणारे लोक भेटले की मला एक प्रश्न ठरलेला असतो: "बजेट बेताचं आहे, पण काहीही घातलं तरी पेटेल असा एखादा मल्टिफ्युएल स्टोव्ह सांगा ना." 'काहीही' म्हणजे गॅस, पेट्रोल, रॉकेल, वेळ पडली तर डिझेल. फोनवर निम्मंच सांगून होतं आणि राहिलेलं निम्मं जास्त कामाचं असतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

स्टोव्हचं नाव सांगण्याआधी मी उलट विचारते: जिथे जाताय तिथे इंधन कुठलं मिळणार आहे? "गॅसचे डबे मिळतील की," असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपला. तुम्हाला मल्टिफ्युएल स्टोव्ह नको आहे. आटे असलेल्या डब्यावर पिळून बसवायचा साधा बर्नर घ्या. त्यातले बरेचसे शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतात आणि बीआरएस कंपनीचा ३०००टी तर जेमतेम २५ ग्रॅमचा आहे. पंप मारायला नको, काजळी नको, ठिणगी दिली की पेटला. याउलट द्रव इंधनाचा स्टोव्ह पंपासकट साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम भरतो, वर बाटलीचं वजन वेगळं. एवढं ओझं 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून वाहायचं नसतं.

मग तो लागतो कुणाला? लांबच्या वाटेवर ज्यांना गॅसच्या डब्याची खात्री नाही त्यांना, चार-सहा जणांसाठी बर्फ वितळवून पाणी करायचं आहे त्यांना, आणि कडाक्याच्या थंडीत जाणाऱ्यांना. थंडीचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढची निवड त्यावरच ठरते. डब्यातला गॅस आत द्रवरूपात असतो आणि त्याची आपोआप वाफ व्हावी लागते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सियस, आयसोब्यूटेनचा उणे १२ च्या आसपास, प्रोपेनचा उणे ४२. म्हणजे शून्याच्या खाली नुसत्या ब्यूटेनचा डबा हलवलात तर आत खळखळ ऐकू येईल, पण बर्नरला काही मिळणार नाही. मिश्रणाच्या डब्यातही प्रोपेन आधी भराभर निघून जातं आणि मागे आळशी ब्यूटेन उरतं. त्यात वाफ होताना डबा स्वतःच गार पडत जातो. पहाटे अर्धा भरलेला डबा हातात आणि ज्योत मात्र काजव्याएवढी, ती यामुळे. पेट्रोल-रॉकेलच्या स्टोव्हमध्ये दाब तुम्ही पंपाने देता, त्यामुळे बाहेर किती गारठा आहे याची त्याला फारशी पर्वा नसते.

ही युक्ती जुनी आहे. १८९२ मध्ये स्टॉकहोमला फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वातीशिवाय जळणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला, तोच प्रायमस. रॉकेल दाबाखाली तापलेल्या नळीतून जातं, त्याची वाफ होते, ती बारीक भोकातून जोरात बाहेर पडताना हवा ओढून घेते आणि निळी ज्योत मिळते. नान्सेन आणि अमुंडसेन यांच्या ध्रुवीय मोहिमांत प्रायमसच होते. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एमएसआर कंपनीने बर्नरखालची टाकी काढून टाकली आणि इंधनाची बाटली हीच टाकी करून मधे नळी जोडली. आज दुकानात दिसणारे जवळजवळ सगळे मल्टिफ्युएल स्टोव्ह याच घराण्यातले. तत्त्व एकच आहे. महागाचा आणि स्वस्ताचा फरक पंपात, जेटमध्ये आणि सुट्या भागांत असतो.

आधी जेट. वाफ जिथून बाहेर येते ते भोक. प्रत्येक इंधनाला जळायला हवा वेगवेगळी लागते. रॉकेलची वाफ जड, तेवढ्याच वाफेला हवा जास्त हवी, म्हणून तिचं भोक लहान. प्रायमस कंपनीच्या ओम्नीफ्युएल या स्टोव्हबरोबर तीन जेट येतात: गॅससाठी ०.४५ मिलिमीटर, पेट्रोलसाठी ०.३७, रॉकेल-डिझेलसाठी ०.२८. हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, पण स्वस्तातला स्टोव्ह हातात घेतल्यावर खोक्यात किती जेट आहेत आणि कुठला कशासाठी हे माहितीपत्रकात लिहिलंय का, ते जरूर पाहा. काही स्टोव्ह दोन-तीन इंधनं एकाच जेटवर चालवतात आणि ती तडजोड चालूनही जाते. पण खोक्यावर पाच इंधनांची नावं, आत एकच जेट आणि त्याबद्दल अवाक्षर नाही, असं दिसलं तर त्यातली दोन-तीन नावं खोकं भरायला छापली आहेत असं मी समजते.

रॉकेलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण "रॉकेलवर चालतो ना, मग झालं तर" असं म्हणणाऱ्यांनी तो पेटवताना पाहिलेलं नसतं. पेट्रोल गारठ्यातही काडीसरशी पेट घेतं. रॉकेलला आधी तापवावं लागतं. तोटी किंचित उघडून बर्नरखालच्या वाटीत चमचाभर रॉकेल येऊ द्यायचं, तोटी बंद करायची आणि वाटीतली वात पेटवायची. मोठी पिवळी ज्योत उठते, वरची नळी काळी पडते, धुराचा वास कपड्यांत बसतो. ज्योत विझत आली की तोटी हळूच उघडायची. नळी पुरेशी तापली असेल तर फुरफुर होऊन निळी ज्योत धरते आणि तो ओळखीचा घुमणारा आवाज सुरू होतो. तापली नसेल तर वाफेऐवजी रॉकेलची पिचकारी उडते आणि हातभर भडका होतो. अशा वेळी तोटी बंद करून पहिल्यापासून सगळं करायचं. वाटीसाठी स्पिरिटची छोटी बाटली जवळ ठेवली तर काजळीतून बरीच सुटका होते. या सगळ्याच्या बदल्यात रॉकेल एक मोठी गोष्ट देतं: सांडलं तर पेट्रोलसारखं तत्काळ पेट घेत नाही. थरथरत्या हातांनी अंधारात बाटली भरणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

डिझेलचं थोडक्यात. जळतं, पण तापवायला आणखी वेळ लागतो आणि काजळी इतकी की भांडं, हात, सॅक, सगळं बरबटतं. बजेट आवळायचं असेल तर मी सगळ्यात आधी डिझेलची अट काढून टाकायला सांगते. पेट्रोल पंपावर डिझेल असेल तर पेट्रोलही असणारच. पेट्रोल बिनशिशाचं हवं, हे जुन्या पुस्तकांत ठळक लिहिलेलं असायचं. गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया आणि तिथेही २०२१ मध्ये ते बंद झालं, त्यामुळे ती काळजी मिटली. पण गाडीच्या पेट्रोलमधली इतर रसायनं जेट चोंदवतात, रबर खातात आणि त्याची वाफ नाकात जाणं चांगलं नाही. कॅम्पिंगसाठी विकतात ते स्वच्छ पेट्रोल, ज्याला व्हाइट गॅस म्हणतात, मिळत असेल तर तेच घ्या. पंपावरचं पेट्रोल अडीनडीसाठी.

आता नावं. एमएसआरचा व्हिस्परलाइट इंटरनॅशनल व्हाइट गॅस, पेट्रोल आणि रॉकेलवर चालतो, गॅसच्या डब्यावर नाही. त्याच घरातला युनिव्हर्सल गॅसही घेतो. ओम्नीफ्युएल वरचं सगळं आणि डिझेलही घेतो, शिवाय बर्नरजवळ वेगळी तोटी असल्यामुळे आच अगदी मंद करता येते. स्वस्तात पाहायचं तर बीआरएसचा ८ नंबरचा स्टोव्ह हे नाव सगळ्यांकडून ऐकू येतं. वजनाने जड आहे, पण गॅस आणि द्रव इंधन दोन्ही घेतो. कोव्हीयाचा बूस्टर प्लस वन गॅस आणि व्हाइट गॅस या दोनवर थांबतो. माझं मत विचाराल तर बेताच्या बजेटला अशी 'दोनच' इंधनं घेणारी रचना जास्त मानवते: नेहमी गॅस, थंडीत किंवा डबा मिळाला नाही तर स्वच्छ पेट्रोल. इंधनं कमी म्हणजे जेट बदलण्याची कटकट कमी.

स्वस्त स्टोव्ह घेताना मी ज्योतीआधी पंप बघते. दांड्याच्या टोकाला चामड्याची किंवा रबराची वाटी असते. ती नळीत घट्ट बसली तर हवा पुढे ढकलली जाते. चामडं कोरडं पडलं की दांडा सैल, विनाप्रतिकार आतबाहेर होतो आणि कितीही पंप मारा, दाब काही वाढत नाही. उपाय सोपा आहे: दांडा बाहेर काढायचा, चामड्यावर दोन थेंब तेल टाकून बोटाने चोळायचं, वाटीची कड बाहेरच्या बाजूला उमलवायची आणि परत घालायचा. पण त्यासाठी दांडा हत्याराशिवाय निघायला हवा. जो पंप उघडताच येत नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. तसंच ओ-रिंग (सांध्यातून गळू नये म्हणून बसवलेली रबराची कडी), वॉशर, जेट आणि जेट साफ करायची पिन यांचा संच वेगळा विकत मिळतो का, हे स्टोव्ह घेण्याआधी विचारा. एमएसआरच्या बऱ्याच बर्नरमध्ये पिन आतच असते, बर्नर वरखाली हलवला की भोक साफ होतं. ही सोय ज्यात नाही त्याची पिन सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

किंमत मोजताना नुसत्या स्टोव्हची मोजू नका. बाटली, वाऱ्याचा आडोसा आणि दुरुस्तीचा संच धरून जो आकडा येतो तो खरा. बाटली त्याच कंपनीची आणि दाबासाठीच बनवलेली हवी. पाण्याच्या बाटलीला पंप बसतोय म्हणून इंधन भरणारे महाभाग असतात, त्यांच्या शेजारी तंबू ठोकू नका. भरताना खुणेच्या वर जायचं नाही, कारण वरच्या हवेवरच दाब उभा राहतो.

आडोसा मात्र फुकटासारखा आहे आणि सगळ्यात जास्त कामाचा. एक लिटर पाणी १० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३७५ किलोज्यूल उष्णता लागते. पेट्रोलच्या एका किलोत साधारण ४३-४४ मेगाज्यूल असतात. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी सतरा-अठरा ग्रॅममध्ये काम होतं. वारा लागला की हाच हिशोब सहज दुप्पट होतो. स्पिरिटमध्ये मुळातच किलोमागे २७ च्या आसपास मेगाज्यूल, म्हणून लांबच्या वाटेला ते जड पडतं. फक्त एक लक्षात ठेवा: हा बंदिस्त आडोसा नळीने जोडलेल्या स्टोव्हसाठी. डब्यावर बसणाऱ्या बर्नरला चहूबाजूंनी वेढलंत तर डबा तापतो आणि ते धोक्याचं आहे. आणि बंद तंबूत कुठलाच स्टोव्ह पेटवायचा नाही, आगीइतकंच कार्बन मोनॉक्साइडमुळे. त्याला वास नसतो.

विमानाने जाणार असाल तर इंधन आणि डबे नेता येत नाहीत. वापरलेला स्टोव्ह पूर्ण रिकामा, धुतलेला आणि वास न येणारा असावा लागतो. तरीही काही विमान कंपन्या नाही म्हणतात, तेव्हा आधी विचारून ठेवा.

राहिला प्रश्न जुना, वापरलेला घेण्याचा. जरूर घ्या, माझ्या मते बेताच्या बजेटला नव्या अनोळखी स्टोव्हपेक्षा नामांकित कंपनीचा जुना बरा, कारण त्याचे सुटे भाग मिळतात. फक्त तपासताना इंधन घालू नका. रिकाम्या बाटलीला पंप लावा, तोटी बंद ठेवून वीसेक वेळा मारा आणि पंप जिथे बाटलीला मिळतो तिथे साबणाचं पाणी सोडा. मग तोटी उघडून नळीवरही सोडा. हवा फक्त जेटमधून यायला हवी. सांध्यावर बुडबुडा आला तर ओ-रिंगचा खर्च धरून घासाघीस करा. नळीच्या मधोमध आला तर तो स्टोव्ह विकणाऱ्यालाच परत द्या.